सांगितलं होतं, याचा कागद नव्हता

माझ्याविरुद्ध जो अर्ज झाला, त्यात मी कुणाला एचआयव्ही दिला असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिणार तरी कसं? अर्ज माझ्यासोबत नात्यात असलेल्या मुलीचा, आणि त्याला तिचा निगेटिव्ह रिपोर्टच जोडलेला होता. आरोप असा की मी आजार लपवला आणि तो तिला लागावा म्हणून जाणूनबुजून संबंध ठेवले. खाली कलमं: भारतीय न्याय संहिता २७१ आणि २७२. नाव तिचं, सही तिची, अक्षर तिच्या भावाचं. ते अक्षर मी त्यांच्या दुकानाच्या बिलांवर पाहिलेलं आहे.

ठाण्यातून फोन आला तेव्हा मी मिहानमध्ये ड्यूटीवर होतो. "अर्ज आहे तुमच्या नावाचा, बयान द्यायला या," एवढंच. कशाबद्दल, असं विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, "आल्यावर समजते नं."

मला माझं स्टेटस २०१९ साली कळलं. कुठून, कसं, हे मी लिहिणार नाही. ठाण्यात पहिला प्रश्न तोच होता आणि अर्जाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तेव्हापासून सरकारी एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्राची, फुकट गोळी चालू आहे. नागपुरात मेडिकललाही सेंटर आहे आणि मेयोलाही. मी कुठल्या रांगेत असतो ते सोडून देऊ. आधी एफाविरेंझवाली गोळी होती, तिने रात्रभर भलतीसलती स्वप्नं पडायची. पुढे डोलुटेग्रावीरवाली आली आणि झोप परत मिळाली. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, पहिल्या वर्षातच इतका खाली गेला की मशीनला सापडेना. रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं येतं. आमच्या रांगेत त्याला टीएनडी म्हणतात आणि कुणाचा टीएनडी आला की काउन्सेलर ताई पेढे मागतात.

ती भेटली २०२२ मध्ये. ओळख वाढली, पुढचं पाऊल पडणार असं दिसायला लागलं, तेव्हा एका संध्याकाळी सेमिनरी हिल्सला गाडी बाजूला लावून मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलं तुझं लग्न झालंय, तेच सांगून राह्यला." त्यानंतर काही दिवस तिचा फोन नाही, मेसेज नाही. मी ते नातं मनातून सोडून दिलं होतं. मग एकदम आली ती वहीत प्रश्न लिहूनच. मूल होऊ शकतं का? एक दिवस गोळी चुकली तर? डास? काउन्सेलर ताईंकडे आम्ही दोघं जोडीने गेलो. ताईंनी तिला समजावून सांगितलं, तिने स्वतःच्या मर्जीने तपासणी केली, समजून घेऊन सही केली. त्यानंतर जे झालं ते दोघांच्या मर्जीने झालं. निरोधही होता आणि टीएनडीही होता.

तिच्या घरी कळलं ते गोळ्यांच्या डबीमुळे. माझी बॅग तिच्याकडे राहिली होती, भावाने डबीवरचं नाव मोबाइलवर शोधलं. तोवर घरात तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालेलं. त्या रात्री तिला काय काय ऐकावं लागलं असेल याचा मी अंदाजच करू शकतो. दुसऱ्या दिवशी तिला एका खासगी लॅबमध्ये नेऊन रक्त काढलं. तिला विचारून काढलं का, हे तिने नंतर मला सांगितलं: कुणी विचारलं नाही. २०१७च्या एचआयव्ही कायद्यात तपासणीआधी त्या माणसाची समजून-उमजून दिलेली संमती लागते, असं कलम ५ सांगतं. म्हणजे 'तिला फसवून तिच्या संमतीचा भंग झाला' असं म्हणणारा अर्ज ज्या रिपोर्टच्या जोरावर उभा होता, तो रिपोर्टच तिच्या संमतीशिवाय काढलेला होता. हे ठाण्यात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, वकील मॅडमनी दाखवून दिलं.

ठाण्यात जमादाराने अर्ज मोठ्याने वाचला. बाजूच्या टेबलावर मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला आलेला एक म्हातारा बसला होता, त्याने खुर्ची थोडी सरकवली. मी विचारलं, आत कुठे बसून बोलता येईल का. "काहून? लाज वाटते काय आता?" हे त्या जमादाराचं उत्तर. नंतर ठाणेदारांनी केबिनमध्ये बोलावलं. ते नीट बोलले, हेही लिहायला हवं.

"तिले सांगितलं होतं का तुम्ही?"

"हो."

"कुणासमोर?"

असल्या गोष्टी कुणासमोर सांगायच्या असतात, हे मला अजून समजलेलं नाही. मी मोबाइल काढला. तिचे मेसेज होते: 'गोळी घेतली का', 'दहा वाजले, गोळी', 'उद्या रिपोर्ट आहे ना, सांग मला'. ठाणेदारांनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाले, "गोळी तर माझी बायकोही मले रोज विचारते. मले बीपी आहे." हसू आलं मला त्याही परिस्थितीत. पण त्यांचं बरोबरच होतं. आम्ही दोघांनी त्या आजाराचं नाव कधी टाइप केलं नव्हतं. दोघांनीही मुद्दाम टाळलं होतं. कुणाच्या हातात मोबाइल पडला तर, म्हणून.

बयान अर्धवट ठेवून मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि सिव्हिल लाइन्सला वकील मॅडमकडे गेलो. जिल्हा न्यायालयात वकिली करतात, आमच्या बाधितांच्या ग्रुपमधल्या एकाचं पोटगीचं काम त्यांनी केलं होतं. त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग विचारलं, "संबंध केव्हापासून केव्हापर्यंत?" सांगितलं तर हसल्या. "म्हणजे अर्धं नातं भादंविमध्ये आणि अर्धं न्याय संहितेत." १ जुलै २०२४च्या आधीच्या कृत्याला जुनी भारतीय दंड संहिता लागते, नंतरच्याला नवी. जुन्यातली २६९ आणि २७० तीच नव्यात २७१ आणि २७२ झाली. पहिलं हयगयीचं: जीवितास धोकादायक रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेली कृती हयगयीने करणं, सहा महिन्यांपर्यंत कैद. दुसरं घातकीपणाचं, दोन वर्षांपर्यंत. दोन्ही दखलपात्र, दोन्ही जामीनपात्र. एचआयव्हीचं नाव त्यांत कुठे नाही. १८६०च्या कायद्यात ते असणार तरी कसं? प्रत्यक्ष लागण झालीच पाहिजे असंही नाही. त्यामुळे तिचा निगेटिव्ह रिपोर्ट असूनही अर्ज टिकू शकत होता.

"पण संभव तर हवा ना," त्या म्हणाल्या. "तुमचा व्हायरल लोड किती?"

इथे माझी सगळी केस होती. नियमित गोळी घेऊन ज्याचा विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं: न सापडणारा व्हायरल लोड असेल तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका शून्य. आमच्यात याला 'यू बरोबर यू' म्हणतात: अनडिटेक्टेबल म्हणजे अनट्रान्समिटेबल, सापडत नाही तर लागत नाही. मला हे पाठ होतं. पण मला पाठ असणं आणि डॉक्टरच्या सहीशिक्क्यानिशी कागदावर असणं यात फरक आहे. मॅडमनी यादी दिली: माझं ग्रीन बुक (सेंटरकडून मिळालेली उपचाराची वही), प्रत्येक वर्षाचा व्हायरल लोड रिपोर्ट, आणि एवढ्या-एवढ्या तारखांना हा पेशंट नियमित होता असा दाखला.

घाबरवलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. तिचा भाऊ ठाण्यात 'खुनाचा प्रयत्न' म्हणून ओरडत होता, त्यावर मॅडम फारशा अडकल्या नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२०मध्ये एका एचआयव्हीबाधित आरोपीची बलात्काराची शिक्षा कायम ठेवली होती, पण खुनाच्या प्रयत्नाचं कलम काढून टाकलं होतं. त्यांना भीती होती न्याय संहितेच्या कलम ६९ची. फसवणुकीच्या मार्गाने किंवा न पाळायचं लग्नाचं वचन देऊन ठेवलेला शरीरसंबंध. दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. "अर्जात उद्या 'लग्न करतो म्हणाला' एवढी एक ओळ वाढली की चित्र बदलते," त्या म्हणाल्या. त्यांनी अटकपूर्व जामिनाचा मसुदा त्याच संध्याकाळी करून ठेवला. सोबत एचआयव्ही कायद्याच्या कलम ३४खालचा अर्ज, म्हणजे कोर्टात माझं खरं नाव न येता टोपणनावाने काम चालावं. ही सोय कोर्टातल्या कामकाजासाठी आहे. ठाण्यात मोठ्याने वाचलं गेलेलं त्याने परत येत नाही.

मॅडमना कायद्याचा इतिहास सांगायची खोड आहे आणि त्या दिवशी ती मला बरी वाटली, कारण त्यांचं बोलणं चालू असेपर्यंत मला विचार करावा लागत नव्हता. १८८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे रखमा नावाच्या एका वेश्येची केस आली. तिला सिफिलिस होता, गिऱ्हाइकाला लागला, तिच्यावर २६९ लावलं. कोर्टाने सोडलं. त्या पुरुषाच्या स्वतःच्या कृतीशिवाय रोग पसरलाच नसता, असं काहीसं कारण. "हा निकाल आपल्या कामाचा आहे," मॅडम म्हणाल्या, "पण मला तो आवडत नाही. त्याला माहीत होतं की नव्हतं, हा खरा प्रश्न." तो प्रश्न पुढे इंग्लंडच्या अपील कोर्टाने २००४ आणि २००५मध्ये सोडवला: संबंधाला दिलेली संमती म्हणजे लागणीच्या धोक्याला दिलेली संमती नव्हे, आणि धोका माहीत असून कुणी हो म्हटलं असेल तर तो आरोपीचा बचाव होतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये म्हटलं की लागण होण्याची खरीखुरी शक्यता नसेल तर न सांगणं गुन्हा ठरत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये एका खासगी हॉस्पिटलच्या केसमध्ये बाधित माणसाच्या लग्नाच्या हक्कावरच घाला घातला होता. आम्ही लग्न केलं तर २६९-२७० लागतील, असं त्यात म्हटलं होतं. २००२मध्ये तीन न्यायमूर्तींनी लग्नाबाबतचे ते शेरे बाजूला केले. मधली चार वर्षं आमच्यासारख्यांनी काय समजायचं होतं कोण जाणे.

माझ्यासाठी कामाचं होतं ते २०१७च्या कायद्याचं कलम १०. एचआयव्हीबद्दल समुपदेशन झालेल्या किंवा माहिती असलेल्या बाधिताने दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यायची. त्यात धोका कमी करणं किंवा संबंधाआधी सांगणं हे येतं. मी दोन्ही केलेलं. बाईने सांगितल्यावर तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी शक्यता असेल तर शरीरसंबंधाच्या बाबतीत तिला यातून सूट आहे. कायदा लिहिणाऱ्यांना आपली घरं ठाऊक होती म्हणायची.

आता अडचण. मी सांगितलं होतं आणि तिला माहीत होतं, याचा एकच सरळ पुरावा होता: काउन्सेलर ताईंची नोंद आणि तिची तेव्हाची तपासणी. माझी फाइल मी मागू शकतो. पण त्यात ती आहे. तिची नोंद तिच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय बाहेर पडत नाही, आणि पडूही नये. मॅडम म्हणाल्या, कोर्टात गेलो तर आदेश मागता येईल. मी नको म्हटलं. तिने सगळं माहीत असून माझ्यासोबत संबंध ठेवले, हा कागद ज्या दिवशी तिच्या घरासमोर ठेवला जाईल, त्या दिवशी मी सुटेन आणि ती अडकेल. मॅडमना हा मूर्खपणा वाटला. "महात्मा बनू नका," असं स्पष्ट म्हणाल्या. मी महात्मा नव्हतो, मला फक्त त्या घरातली ती रात्र डोळ्यांसमोर येत होती.

मग दाखला. हे सोपं असेल असं वाटलं होतं. खिडकीवरचा बाबू म्हणाला, असा दाखला आम्ही देत नाही. मोठे डॉक्टर रजेवर. दुसऱ्याने विचारलं, "पोलिसांनी मागितला आहे का? मग त्यांनाच पत्र द्यायला सांगा." पत्र दिलं असतं तर माझी अख्खी फाइल ठाण्यात गेली असती. शेवटी काउन्सेलर ताईंनीच मार्ग काढला: माझ्या लेखी अर्जावर फक्त माझे व्हायरल लोड रिपोर्ट आणि औषध नेल्याच्या तारखा, डॉक्टरच्या सहीने, बंद पाकिटात. त्या कागदावर तिचं नाव नाही, जोडीने आल्याचा उल्लेख नाही. ताईंनी पाकीट देताना काही विचारलं नाही. त्यांना दोघांचे चेहरे आठवत असणार.

दुसऱ्या बयानाला मॅडम सोबत आल्या. पाकीट ठाणेदारांनाच दिलं, जमादाराला नाही. मॅडमनी दोन गोष्टी मागितल्या: अर्जदार मुलीचं म्हणणं महिला अधिकाऱ्याने, तिच्या घरचं कुणी नसताना घ्यावं, आणि यापुढे या अर्जातला मजकूर कुणाच्या समोर वाचला जाऊ नये. ठाणेदारांनी दोन्ही मान्य केलं. त्यांना या अर्जाचा कंटाळा आला होता, असं मला वाटलं. गुन्हा दाखल करून काय उभं करणार होते? संसर्ग नाही, संसर्गाचा संभव नाही, आणि घातकी हेतूचा पत्ता नाही.

तिला बोलावलं. भाऊ बाहेर पानठेल्यावर उभा राहिला. महिला फौजदारासमोर ती काय बोलली ते मला शब्दशः माहीत नाही. ठाणेदारांनी मॅडमना सांगितलं ते एवढंच की तिला आधीपासून माहिती होती, अर्ज घरच्यांनी लिहिला, आणि तिला पुढे काही करायचं नाही. अर्ज निकाली. मॅडमनी निकाली काढल्याचं लेखी मागितलं, तेव्हा मात्र पुन्हा तोच जमादार पुढे. लेखी हवं तर माहितीच्या अधिकारात मागा म्हणे. मागितलं. मिळालं, एका ओळीचं.

तिने नंतर एकदाच फोन केला. लॅबचं तेव्हाच सांगितलं. माफी वगैरे तिने मागितली नाही आणि मी अपेक्षाही केली नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं की तिचं नाव त्या पाकिटात होतं का. नव्हतं म्हटलं. बरं म्हणाली.

लोकांना वाटतं, या अनुभवानंतर मी असल्या कलमांच्या विरोधात असेन. हे इतकं सरळ नाही. मला ही कलमं बोथट वाटतात. साथीच्या रोगांसाठी लिहिलेली, पटकीच्या काळातली, दोन माणसांच्या खासगी होकाराला हात घालायला निघालेली. ज्याने सांगितलं त्याच्याकडे साक्षीदार नसतो, ज्याने लपवलं त्याच्याविरुद्धही नसतो. शिवाय ज्याची तपासणी आधी होते तोच गुन्हेगार दिसतो, आणि आपल्याकडे गरोदरपणात सगळ्यात आधी तपासणी बाईची होते. तिच्या नवऱ्याला कुणी रांगेत उभं केलेलं नसतं. रक्ताच्या तपासणीवरून कुणी कुणाला दिला हे खात्रीने ठरवता येत नाही, तरी सासर ठरवून मोकळं होतं.

पण आमच्याच रांगेत एक बाई भेटतात. लग्न २०२३मधलं. गरोदरपणात त्यांना कळलं; नवऱ्याचं ग्रीन बुक त्याच्याही आधीचं, कपाटात साड्यांच्या खाली सापडलं. बाळ निगेटिव्ह आहे, वेळेवर औषध मिळालं. माझं प्रकरण त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी मला एका दमात विचारलं, "तुमच्यावर लावलं होतं ते कलम माह्या नवऱ्यावर लागते का?"

मी त्यांना काय सांगणार होतो, की कलम वाईट आहे? त्यांना कुणी विचारलं नव्हतं. होकार द्यायला किंवा नकार द्यायला त्यांच्यासमोर काही ठेवलंच नव्हतं. जे मॅडमकडून शिकलो होतो ते सांगितलं. २६९ला तक्रार न्यायला एका वर्षाची मुदत, २७०ला तीन वर्षांची, आणि ती मुदत गुन्हा त्यांना कळला त्या दिवसापासून मोजता येते. ते ग्रीन बुक जपून ठेवा, पण फोटो काढून कुणाला पाठवू नका. फसवणुकीने झालेलं लग्न रद्द करायचं असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ आहे, ते बौद्धांनाही लागू आहे, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षात जावं लागतं. पोटगी मागताना औषधोपचाराचा खर्च धरायला एचआयव्ही कायद्याचं कलम ३५ आहे. राहत्या घरातून काढू लागले तर कलम २९. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे कलमांचे आकडे लिहून घेतले आणि विचारलं, "जेलमध्ये जाईल का तो?" जामीनपात्र आहे म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, जाऊ द्या, घराचं पाहू आधी. मॅडमचा नंबर दिला. आता त्यांची पोटगीची केस फॅमिली कोर्टात लागली आहे, टोपणनावाचा अर्ज मंजूर झाला, आणि नवऱ्याच्या वकिलाने पहिल्याच तारखेला म्हटलं की आजार आधी हिलाच होता. ग्रीन बुकाची तारीख पुढच्या सुनावणीत येईल.